बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को, साडूंसह

अमेरिकेहून परत आल्यापासून लोहाऱ्यात मला एकच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचंही उत्तर विचारणाऱ्याला आधीच मिळालेलं असतं. माणूस माझ्यासमोर बसतो, चहा माझ्याकडून पितो आणि म्हणतो, "काय सर, अप्पा सांगत होते, सोळा तास एका दमात विमान चालतंय म्हणं. खरं का?" त्याला माहिती नको असते. अप्पांच्या माहितीवर माझी सही हवी असते.

अप्पा म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार ढोकी. ऊस भरपूर, आवाज त्याहून भरपूर. सोसायटीच्या निवडणुकीत एकदा पडले, पण हार-तुरे अजून निवडून आल्यासारखेच घेतात. मी लोहाऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाला हार एकदाच मिळतो, निवृत्तीच्या दिवशी, आणि त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव असण्याची शक्यता असते.

या प्रवासाचं वर्णन मी लिहितो आहे त्याचं कारण हेच. अप्पांनी ते तोंडी सगळ्या जिल्हाभर करून ठेवलं आहे. लेखी तरी माझं असावं.

आधी अंतर सांगून टाकतो, म्हणजे वाचक मोकळा होईल. बंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हवेतून चौदा हजार किलोमीटर, थोडं इकडेतिकडे. वेळ साधारण सोळा तास, मध्ये कुठंही न उतरता. हे मी निघण्याआधी महिनाभर वाचून काढलं होतं. अप्पांनी ते माझ्याकडून ऐकलं, एकदाच, सोलापूरच्या फलाटावर. तेव्हापासून ते त्यांचं आहे.

लोहारा ते बंगळूर

चार तिकिटं आली होती. पाठवणारी गौरी, माझी मुलगी, एकुलती एक. पण तिकिटं दोन आली नाहीत, चार आली, आणि त्याचं कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. मलाही वाटलं नाही असं मी दाखवलं.

गौरी पाचवीला गेली तेव्हा लोहाऱ्यातली शाळा यथातथाच होती. अप्पांना आणि अक्कांना, म्हणजे माझ्या त्या थोरल्या मेहुणीला, मूलबाळ नाही, आणि ढोकीत कारखान्याच्या वसाहतीजवळ एक बरी शाळा होती. "पोरगी आमच्याकडं ठिवा," अप्पा म्हणाले, आणि गौरी ढोकीला गेली. पुढं शिकायला लातूरला गेली, तरी शनिवारी एसटी धरायची ती ढोकीची. लोहारा लांब पडतं म्हणून. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं म्हणून तीही अप्पा म्हणते. ही सबब मला कधी पुरलेली नाही, कारण आमची सासुरवाडी आळंदच्या बाजूची, आणि त्यांच्या कानडीत अप्पा बापाला म्हणतात हे मला माहीत आहे.

अमेरिकेतून पहिल्यांदा सुट्टीवर आली तेव्हा ती पुण्याहून आधी ढोकीला उतरली आणि तिथं जेवून मग लोहाऱ्याला आली. "वाटेतच लागतं पप्पा," म्हणाली. पुण्याहून लोहाऱ्याला येताना ढोकी वाटेत लागत नाही. वाट वाकडी केली तर लागतं.

तेव्हा या चौदा हजार किलोमीटरच्या टोकाला मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. गोल्डन गेट पूल नको होता. विमानतळाचं दार उघडावं, पलीकडं गौरी उभी असावी, आणि तिनं आधी माझ्याकडे यावं. इतकंच.

सोलापूरहून रेल्वेनं बंगळूर. त्यात सांगण्यासारखं एवढंच, की अप्पांनी निम्मा डबा ओळखीचा करून टाकला. बंगळूरला मात्र दोन्ही बहिणींची कानडी सुरू झाली आणि आम्ही दोघं साडू प्रथमच एका पातळीवर आलो. टॅक्सीवाला, चहावाला, विमानतळाच्या दारातला पहारेकरी, सगळ्यांशी अक्का आणि सुमन बोलत होत्या. सुमन म्हणजे माझी बायको. आम्ही दोघं नुसते सामानाजवळ उभे. ती पंधरा मिनिटं मला फार बरी गेली.

मग व्हीलचेअर आली.

मला वाटलं, कुणी तरी आजारी असेल. निळ्या कपड्यांतला एक पोरगा रिकामी खुर्ची ढकलत आला आणि पाटीवरचं अप्पांचं नाव वाचू लागला. मागून दुसरी, अक्कांसाठी. अप्पा म्हणजे जो माणूस आदल्याच आठवड्यात विहिरीत उतरून पाण्याच्या मोटारीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, काढून आला होता. त्यांनी धोतर सावरलं, टोपी नीट केली, मांडीवर डबा घेतला आणि खुर्चीत बसले. घोड्यावर बसणारा नवरदेव यापेक्षा लाजतो.

"अप्पा, हे काय?" मी विचारलं.

"गौरीनं सांगितलंय तसं. तिकिटातच लिवून दिलंय तिनं. तुमच्यासाठीबी लिवणार व्हती, तर तुम्ही न्हाय म्हणालात म्हणं."

खरं होतं. तिनं फोनवर विचारलं होतं आणि मी ठणकावून सांगितलं होतं, की तुझा बाप अजून स्वतःच्या पायावर उभा आहे. माझा उजवा गुडघा दुखतो, पण ते वेगळं.

"तुम्हाला चालता येतं की," मी म्हणालो.

"चालता येतंय ओ सर. बोलता येत न्हाय. ही खुर्ची पायासाठी न्हाय, तोंडासाठी हाय. हिच्यात बसलं की कुणी इंग्रजीत इचारत न्हाय, नुसतं ढकलतंय."

आणि वरात निघालीसुद्धा. सुमननं ऐनवेळी पक्ष बदलला. बहिणीची पिशवी धरायला कुणी तरी हवं, म्हणून ती खुर्च्यांबरोबर गेली, आणि त्यांच्याबरोबर तपासणीची सगळी दारं तिलाही आधी उघडली. मी रांगेत. दोरीच्या वळणावळणानं ती रांग चार पावलं पुढं आणि तीन पावलं मागं जात होती. काचेपलीकडं तिघं बसून धपाटे खात होते. अप्पांनी तिकडून हात केला. मीही केला. गुडघ्यानं काय केलं ते सांगत नाही.

हवेत

विमानात एका बाजूला तीन जागा, मध्ये वाट, मग पुन्हा तीन. खिडकी अप्पांना, मग अक्का, मग सुमन. चौथा मी, वाटेच्या पलीकडं, एका झोपलेल्या तरुणाशेजारी. तो बंगळूरला झोपला आणि अमेरिकेत उठला. सोळा तासांच्या प्रवासाचं खरं तंत्र त्यालाच साधलं होतं.

मला खिडकी हवी होती हे कबूल करायला हरकत नाही. जगाचा नकाशा मी लहानपणापासून वाचत आलो आहे. ब्रह्मदेश कुठं संपतो, चीन कुठं लागतो, जपान डाव्या हाताला येईल की उजव्या, हे मला सांगता आलं असतं. अप्पांनी खिडकीतून एकदा पाहिलं, "ढगच हायत की सगळे," म्हणाले, आणि पडदा ओढून घेतला.

समोरच्या पडद्यावर मात्र नकाशा होता, आणि तो प्रत्येकाला सारखाच. छोटंसं विमान, मागं काढलेली रेघ, पुढं उरलेलं अंतर. मी तेच पाहत बसलो. लोकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला तर त्यात कादंबरीसारखं गुंतायला झालं. उरलेला आकडा कमी होत होता, आणि प्रत्येक आकड्यागणिक मी त्या दाराजवळ जात होतो.

व्हीलचेअरवरचे रुग्ण तासातासाला उठून विमानभर फिरत होते. मागच्या टोकाला जायचे, पुढच्या टोकाला यायचे, वाटेत कुणाचं बाळ खेळवायचे. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी दोन ओळी पुढं आणि दोन ओळी मागं वाटली. एका हवाई सुंदरीनंही घेतला. त्यानंतर तिनं अप्पांना दुसऱ्यांदा चहा आणून दिला. मी बटण दाबलं होतं. त्याचा दिवा लागलेलाच होता, कुणी बघत नव्हतं.

अशाच एका फेरीत अप्पा माझ्याजवळ थांबले आणि पडद्याकडं वाकून बघू लागले.

"सर, हे विमान वाकडं का चाललंय? अमेरिका तर सरळ हाय हिकडं. ह्यो बाबा वर वर कुठं निघालाय?"

आता ही माझी जागा होती. मी जेवणाच्या ताटातलं लिंबू घेतलं. त्यावर नखानं दोन खुणा केल्या. सांगितलं, की पृथ्वी अशी गोल, नकाशा सपाट. लिंबाची साल काढून पसरली तर ती फाटते, ताणते, आणि सरळ रेघ वाकडी दिसायला लागते. लिंबावर दोरा धरून बघा, सगळ्यात जवळची वाट वरूनच जाते. "नकाशात वाकडी दिसते तीच खरी जवळची वाट, अप्पा."

त्यांनी लिंबू हातात घेऊन फिरवून पाहिलं. मान हलवली. मला समाधान वाटलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "गौरी पुण्याहून ढोकीवरनं लोहाऱ्याला येती, ते बराबरच हाय की."

आणि लिंबू घेऊन गेले. चहात पिळायला.

आणखी एक गोष्ट या उड्डाणाविषयी सांगायला हवी, कारण ढोकीत तिच्यावरून अजून वाद चालू आहे. आम्ही दुपारी दोनच्या सुमारास बंगळूर सोडलं आणि त्याच तारखेला संध्याकाळी साडेपाचला सॅन फ्रान्सिस्कोत उतरलो. तारखेची रेषा ओलांडली की दिवस मागं जातो. अप्पांनी घड्याळाकडं पाहिलं आणि जाहीर केलं, "साडेतीन तासांत आलो! धाराशिवला तहसिलात ह्याहून जास्त बसावं लागतंय." मी पुन्हा समजावू लागलो, पण या वेळी लिंबू नव्हतं.

सॅन फ्रान्सिस्को

विमानाच्या दारातच दोन खुर्च्या उभ्या होत्या. इथं दोन्ही ढकलणारी एकच पन्नाशीची बाई होती, ठेंगणी, ठसठशीत, हिंदी बोलणारी. तिची हिंदी ऐकून मी चक्रावलो; बिहारकडची वाटावी, पण मध्येच भलतीकडं वळणारी. विचारलं तर म्हणाली, ती फिजी बेटांवरची. खापरपणजोबा उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेले होते. ऊस म्हटल्यावर अप्पा खुर्चीतच तिच्याकडं वळले. कुठला वाण, पाणी किती, तोड कधी? बाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण उसाचं नाव घेणारा म्हातारा भेटला म्हणून तिलाच आनंद झाला. तिचं नाव सरोज. "चलो अंकल," म्हणाली आणि वरात पुन्हा निघाली. सुमन मागोमाग.

"तुम्ही बी चला की संगं," अक्का मला म्हणाल्या. "तिला सांगितलं तर तिसरी आणंल."

मी नको म्हणालो. बंगळूरला नको म्हटलेलं इथं हवं कसं म्हणणार? खुर्च्या वळणाआड गेल्या आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी काय करून बसलोय. त्यांची रांग वेगळी. ते आधी सुटणार, आधी त्या दारातून बाहेर पडणार. गौरी समोर उभी असेल. आणि मी, तिचा बाप, तत्त्वासाठी मागं दोरीच्या वळणांत उभा असेन.

रांग बंगळूरपेक्षा चौपट होती. चीनचं एक विमान आमच्याआधी उतरलेलं. सोळा तास बसून गुडघा आखडला होता, तो आता उभं राहून पेटला. प्रत्येक वळणावर मी मनाशी हिशेब करत होतो: आता त्यांचे शिक्के झाले असतील. आता सामान मिळालं असेल. आता ती पळत आली असेल. अप्पांनी डबा पुढं केला असेल. शेंगदाण्याचे लाडू होते त्यात. मी तिच्यासाठी पुस्तकं आणली होती. ती सामानात होती, सामान फिरत्या पट्ट्यावर होतं.

तेवढ्यात दोरीपलीकडून हाक आली, "लोहारा वाला अंकल कौन है?"

परदेशात माझ्या तालुक्याच्या नावाची जाहीर हाक मी पहिल्यांदाच ऐकली. सरोज होती. तिनं दोरी उचलली आणि मला खालून काढलं. "आपके लोग फँस गए," म्हणाली.

एका बाजूच्या खोलीत तिघं बसले होते. अप्पांनी टोपी काढून डब्यावर ठेवली होती. टोपी काढलेले अप्पा मी फक्त मयताला पाहिले आहेत. समोर एक उंच, शांत अधिकारी, हातात तिघांचे पासपोर्ट. माझाही त्यानं मागून घेतला. त्यानं मला परिस्थिती सांगितली. तो चिडलेला नव्हता, पण दमला होता.

त्यानं अप्पांना विचारलं होतं, कुणाकडं आलात. अप्पा म्हणाले, पोरीकडं. अक्कांना विचारलं. अक्का म्हणाल्या, आमच्या पोरीकडं. मग सुमनला विचारलं. ती म्हणाली, माझ्या पोरीकडं. सरोजनं तिन्ही वेळा इमानदारीनं "डॉटर" सांगितलं. पोरीचं नाव तिघांचं एकच, पत्ता एकच. म्हणजे एका मुलीच्या दोन आया. आणि कागदावर अक्का-अप्पांसमोर लिहिलेलं, भाचीकडे. बाप कोण म्हणून विचारलं तर अप्पांनी टोपी काढली, आणि दोघी बहिणींनी मिळून मागच्या रांगेकडं बोट केलं.

"तर तुम्ही सांगा," अधिकारी मला म्हणाला. "ही मुलगी नक्की कुणाची?"

हा प्रश्न मला कित्येक वर्षं हवा होता. फक्त तो ढोकीच्या बाजाराच्या दिवशी, चारचौघांत विचारला जावा अशी माझी इच्छा होती. इथं ऐकायला कोण होतं?

"माझी," मी म्हणालो. "माझी आणि हिची."

सुमननं मान हलवली. अधिकाऱ्यानं पेन अप्पांकडं केलं. "म्हणजे हे अंकल?"

अप्पांना इंग्रजी येत नाही. पण अंकल हा शब्द ढोकीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. त्यांनी चटकन वर पाहिलं, अधिकाऱ्याकडं नाही, माझ्याकडं. मला फक्त "यस" म्हणायचं होतं. एवढ्या मोठ्या सरकारनं शिक्का मारून लिहून घेतलं असतं, की हे कोण आणि मी कोण. आणि ते खरंही होतं, हेच त्यात अवघड होतं. अप्पांचा अंगठा डब्याच्या कडीवरून फिरत होता. ही कडी मी ओळखत होतो. गौरी शाळेत नेत असे तोच हा डबा.

"कागदावर, होय," मी म्हणालो.

अधिकाऱ्यानं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग तो पहिल्यांदा हसला आणि चार शिक्के मारले. पासपोर्ट परत देताना म्हणाला, "यांना सांगा, पुढच्या वेळी कागदावर असेल तेच बोलायचं."

मी ते मराठीत सांगितलं.

"मग कागदात चुकीचं लिवलं कुणी?" अक्का म्हणाल्या.

चारही अर्ज मी भरले होते. मी सामानाकडं चला म्हणालो.

चला म्हणणं सोपं होतं. दोन पावलांवर गुडघा जागीच अडला. मी भिंत धरली. सुमन "अहो, अहो" करत आली. अप्पा खुर्चीतून उठले.

"बसा सर."

"नको. जरा थांबलं की होईल."

"बसा म्हणतोय न्हवं. म्या बसून बसून कट्टाळलोय. आता तोंडाचं काम झालं, खुर्ची पायाला लागू द्या."

मी बसलो. डबा अप्पांनी माझ्या मांडीवर ठेवला. सरोज ढकलायला पुढं झाली तर तिला बाजूला करून स्वतःच मूठ धरली. सवय नसल्यामुळं पहिल्यांदा आम्ही एका कचऱ्याच्या डब्यावर गेलो. तिथून पुढं ट्रॅक्टरची ट्रॉली मागं घेतल्यासारखं त्यांनी मला बरोबर मार्गाला लावलं.

"काय इचारत व्हता ओ त्यो, माझ्याकडं पेन करून?" मागून आवाज आला.

"हे कोण म्हणून."

"मग?"

"म्हटलं, साडू."

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"अजून सांगितलं असतं. मागं रांग होती."

दार उघडलं. आठवडाभर मी ते दार मनात इतक्या वेळा उघडलं होतं, की खरं दार जरा लहानच वाटलं. कठड्यापलीकडं गौरी. तिनं चौघांवरून नजर फिरवली आणि तिचा चेहरा उतरला. कारण खुर्चीत कोण असणार हे तिनंच ठरवलं होतं, आणि खुर्चीत भलताच माणूस होता. कठडा संपेपर्यंतही ती थांबली नाही, दोरीखालून आली. "पप्पा!" म्हणत खाली बसली आणि माझ्या गळ्यात पडली. आधी. सगळ्यांच्या आधी. ज्या थाटाची मी बंगळूरपासून टिंगल करत आलो होतो, त्याच थाटात बसून मी ती मिठी घेतली, आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

मग माझ्या खांद्यावरून तिनं वर पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "अप्पा, पप्पांना काय झालं?"

मिठी मला. प्रश्न त्यांना.

गौरीच्या गावी

तिथल्या दिवसांचं थोडक्यात सांगतो. पूल, बाग आणि मोठमोठी दुकानं यांची वर्णनं पुष्कळ झाली आहेत. मला आवडले ते डोंगर. उन्हाळ्यात तिथले डोंगर पिवळे पडतात, गवत वाळतं, मधूनच एखादं गडद झाड उभं असतं. गाडीतून पहिल्यांदा ते दिसले तेव्हा सुमन म्हणाली, "अगं बाई, येडशीचा घाट!" माकडं सोडली तर त्या घाटातल्या रामलिंगाचे डोंगरच. एवढं लांब येऊन ओळखीचा डोंगर दिसला की माणसाला बरं वाटतं आणि थोडं फसल्यासारखंही वाटतं.

गौरी आणि तिचा नवरा सकाळी कामाला जात. मी तिच्या गावातल्या वाचनालयात जाऊन बसायचो. वाचनालय सुंदर आहे. कुणीही आत येतं, कुणी चपला काढायला सांगत नाही, पुस्तकांना कुलूप नाही. मी तिथं एका कपाटासमोर बराच वेळ उभा राहिलो. हा हेवा मात्र साडूंचा नव्हता.

अप्पा बागेत जायचे. तिथं संध्याकाळी गुजराती, तेलुगू, पंजाबी आई-बाप जमतात, सगळे पोरांकडं आलेले. पाचव्या दिवशी मी त्यांना बोलवायला गेलो तर बाकाभोवती ही गर्दी. मध्ये अप्पा, हातात लिंबू. "यह देखो," त्यांची दख्खनी हिंदी चालली होती, "दुनिया ऐसी गोल. नक्शे में जो टेढ़ा दिखता, वहीच सीधा रास्ता." एका निवृत्त पंजाबी सुभेदारानं वा वा केलं. लिंबाची साल मी नुसती तोंडी सोलली होती. अप्पांनी ती चाकूनं एका धाग्यात काढून बाकावर पसरून दाखवली. माझ्यापेक्षा चांगलं समजावलं त्यांनी. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

समुद्रावर गेलो तेव्हा अक्कांनी कमरेइतक्या पाण्यात जायची हिंमत करून पॅसिफिक महासागराचं पाणी बाटलीत भरलं. "कशाला?" गौरीनं विचारलं.

"मावंद्याला. काशीहून गंगा आणत्यात, मग हितनं काय आणायचं?"

काशीयात्रा करून आलं की गावजेवण घालतात, आणलेल्या पाण्याची पूजा करतात, ते मावंदं. अमेरिकेचं मावंदं कुठल्या पोथीत आहे असं मी विचारणार होतो. गौरीनं अक्कांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावून दिलं, तेव्हा मग नाही विचारलं.

परतीला चौघांच्याही तिकिटावर व्हीलचेअर होती. ते गौरीनं केलं. मी फक्त विरोध केला नाही.

ढोकी

येताना दिवस बुडतो. निघालो त्या तारखेनंतर मधली एक तारीख आम्हाला नीट दिसलीच नाही. त्यावरून अप्पांनी सिद्धांत मांडला, की अमेरिका ढोकीहून जवळ आहे, पण ढोकी अमेरिकेहून लांब आहे. यावर मी लिंबू काढलं नाही.

मावंदं दणक्यात झालं. दारात मांडव, लाऊडस्पीकर, चौरंगावर हळदकुंकू लावलेली पॅसिफिकची बाटली, तिला झेंडूची माळ. पत्रिकेवर "अमेरिका यात्रा सुखरूप पार पडल्याप्रीत्यर्थ". मी एका बाजूला खुर्ची घेऊन बसलो होतो. माणसं येत होती, बाटलीला नमस्कार करत होती, अप्पांना हार घालत होती. काही जण मला ओळखत नव्हते. मी त्यांनाही नमस्कार केला.

पहिली पंगत बसली. मीही बसलो. अप्पा स्वतः तुपाचं भांडं घेऊन वाढत होते. पानावरच्या एका म्हाताऱ्यानं, पंगतीला ऐकू जाईल अशा बेतानं, विचारलं, "अप्पा, किती लांब हाय ओ अमेरिका? आन् इमान किती तास चालतंय?"

मला पुढचं सगळं पाठ होतं. चौदा हजार, सोळा तास, एका दमात, मग लिंबू. मी पुरणपोळी मोडायला घेतली.

अप्पा थांबले. भांडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"ते सरांना इचारा," ते म्हणाले. "पोरगी त्यांची हाय. म्या नुसता संगं गेल्तो."

आख्खी पंगत माझ्याकडं वळली. गावात, चारचौघांत, जसं हवं होतं तसं. आणि तेही त्यांनीच बोलून नेलं, मला काही शिल्लक न ठेवता. आता त्यांचा हेवा करायचा तर कशाचा, हेही मलाच शोधावं लागणार होतं.

शोधलं. सापडलं.

"अप्पांनाच विचारा," मी म्हणालो. "खिडकीची जागा त्यांची होती."